मत नेमकं कशाला दिलं?

७ नोव्हेंबर २००९, शनिवार. रात्री अकराच्या सुमारास अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात आरोग्यविम्याच्या विधेयकावर मतदान सुरू होतं. सभासद येत होते, यंत्रात आपलं कार्ड सरकवून बटण दाबत होते आणि फलकावर त्यांच्या नावापुढे हिरवा किंवा लाल दिवा लागत होता. बहुमतासाठी २१८ मतं हवी होती. तो आकडा पार झाला, डेमोक्रॅट सभासदांनी जल्लोष केला, आणि त्यानंतर रिपब्लिकन बाजूच्या एका नावापुढे हिरवा दिवा लागला. अंतिम निकाल २२० विरुद्ध २१५. त्या २२० मध्ये रिपब्लिकन एकच होता : लुइझियानाचा जोसेफ काओ.

काओ मूळचे व्हिएतनामचे. १९७५ मध्ये सायगाव पडलं तेव्हा आठ वर्षांचा हा मुलगा अमेरिकेत आला. वडील दक्षिण व्हिएतनामच्या लष्करात अधिकारी होते, ते मागेच राहिले आणि कम्युनिस्टांच्या छावणीत डांबले गेले. काओंनी पदार्थविज्ञानाची पदवी घेतली आणि मग जेझुइट संघात प्रवेश केला. पाद्री होण्यासाठी काढलेल्या सहा वर्षांत ते तत्त्वज्ञान शिकले, शिकवू लागले; मग संघातून बाहेर पडले आणि वकील झाले. कॅटरिना वादळात घर गेलं. २००८ च्या डिसेंबरमध्ये ते न्यू ऑर्लीन्समधून निवडून आले ते मुख्यतः समोरचा उमेदवार भ्रष्टाचाराच्या खटल्यात अडकला होता म्हणून. त्याच्या घरच्या फ्रीजरमध्ये ९० हजार डॉलर रोख सापडले होते. मतदारसंघ मात्र मुळात डेमोक्रॅटांचा. बहुसंख्य मतदार कृष्णवर्णीय आणि ओबामांना सुमारे तीन चतुर्थांश मतं देणारे. त्यांना हे विधेयक हवं होतं. काओंची अट आधीपासून जाहीर होती : गर्भपातासाठी केंद्राचा पैसा वापरता येणार नाही अशी पक्की तरतूद नसेल, तर आपण विरोधात मत देऊ. त्याने आपली कारकीर्द संपू शकते हे त्यांना कळत होतं. तरीही सारं जग मिळवून आत्मा गमावण्यात काय लाभ, हा बायबलमधला प्रश्न त्यांनी त्या संदर्भात बोलून दाखवला होता.

अट त्याच दिवशी आधीच पूर्ण झाली होती. मिशिगनचे डेमोक्रॅट बार्ट स्टूपॅक आणि पेन्सिल्व्हेनियाचे रिपब्लिकन जोसेफ पिट्स यांची दुरुस्ती २४० विरुद्ध १९४ मतांनी मंजूर झाली. सरकारी विमा योजनेचा किंवा सरकारी अनुदानाचा पैसा गर्भपाताला जाणार नाही, अपवाद फक्त बलात्कार, कौटुंबिक लैंगिक संबंध आणि आईच्या जिवाला धोका. हे तत्त्व नवं नव्हतं. १९७६ पासून हेन्री हाइड यांच्या नावाने ओळखलं जाणारं असंच कलम दरवर्षीच्या खर्चाच्या विधेयकाला जोडलं जात होतं. स्टूपॅक स्वतः कॅथलिक, पूर्वी पोलिस दलात आणि मग वकिलीत. मिशिगनच्या उत्तर टोकाच्या विरळ वस्तीच्या भागातून ते १९९२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले होते. आरोग्यविमा सर्वांना मिळावा हे त्यांना मनापासून हवं होतं, आणि गर्भपाताला विरोधही तितकाच मनापासून होता.

पुढे सूत्रं फिरली. सिनेटने २४ डिसेंबरला स्वतःचं विधेयक ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर केलं. त्यात स्टूपॅक यांची भाषा नव्हती. तिच्या जागी एक हिशेबी तोडगा होता : अनुदान घेणाऱ्याच्या विमायोजनेत गर्भपाताचा समावेश असेल तर त्या भागाचा हप्ता वेगळा घ्यायचा, वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि त्याला सरकारी पैसा लावायचा नाही. जानेवारीत मॅसॅच्युसेट्सची पोटनिवडणूक स्कॉट ब्राउन यांनी जिंकली आणि डेमोक्रॅटांचं सिनेटमधलं साठावं मत गेलं. आता विधेयक बदलून पुन्हा सिनेटकडे पाठवणं म्हणजे ते बुडवणंच. प्रतिनिधिगृहापुढे एकच वाट उरली. सिनेटचा मजकूर जसाच्या तसा घ्या, नाहीतर सोडून द्या.

२१ मार्च २०१०, रविवार. निकाल २१९ विरुद्ध २१२. या वेळी एकाही रिपब्लिकन सभासदाने बाजूने मत दिलं नाही आणि ३४ डेमोक्रॅट विरोधात गेले. काओंच्या नावापुढे लाल दिवा, स्टूपॅक यांच्या नावापुढे हिरवा. नोव्हेंबरमध्ये दोघं एकाच दुरुस्तीच्या आधारावर एकत्र आले होते. धर्म तोच, चर्च तेच, गर्भाच्या जिवाबद्दलची श्रद्धा तीच. तरी मार्चमध्ये मतं उलटी पडली.

यातला कोणीतरी ढोंगी असणार, असं समजणं सोपं आहे. अमेरिकेत तसं समजणारे पुष्कळ निघालेही. पण दोघांच्या मतांची सविस्तर नोंद नीट वाचली, तर ढोंगाचा आरोप टिकत नाही, आणि त्याहून अवघड प्रश्न समोर येतो.

चर्चमध्येच त्या आठवड्यात फूट होती. अमेरिकी बिशपांनी १९१९ सालीच समाजरचनेचा जो कार्यक्रम मांडला होता, त्यात आजारपणाच्या विम्याचा पुरस्कार होता. १९६३ मध्ये तेविसावे जॉन या पोपनी वैद्यकीय सेवेला माणसाच्या हक्कांमध्ये स्थान दिलं. म्हणजे बिशपांची परिषद सर्वांसाठी आरोग्यसेवा मागत आलेली होती, आणि ती मागणी पहिल्यांदाच हाताशी आली असताना कार्डिनल फ्रान्सिस जॉर्ज यांच्या नेतृत्वाखाली तिने विधेयकाला विरोध केला. कारण गर्भपातविषयक तरतुदी. उलट कॅथलिक रुग्णालयांच्या संघटनेच्या प्रमुख सिस्टर कॅरल कीहान यांनी पाठिंबा दिला. ही संघटना सहाशेहून अधिक रुग्णालयांची. त्यांच्या पाठोपाठ सिस्टर सिमोन कँपबेल यांच्या पुढाकाराने अनेक धर्मभगिनी-संघांच्या प्रमुखांनी पाठिंब्याचं पत्र काढलं. ओबामांनी २३ मार्चला ज्या पेनांनी कायद्यावर सही केली, त्यातलं एक सिस्टर कीहान यांना मिळालं.

कॅथलिक नीतिशास्त्राकडे अशा पेचांसाठी जुनी चौकट आहे. दुसऱ्याच्या पापात आपला सहभाग किती, हे ते मोजतं. त्या कृत्याचा हेतूच आपण स्वीकारला तर तो सहभाग कधीच क्षम्य नाही. हेतू न स्वीकारता आपल्या कामाचा दूरवरून उपयोग झाला, तर अंतर किती, कारण किती गंभीर, हे पाहायचं. १९९५ च्या एका परिपत्रकात दुसऱ्या जॉन पॉल यांनी ही चौकट थेट लोकप्रतिनिधीला लावली. ज्याचा गर्भपाताला असलेला विरोध सर्वांना ठाऊक आहे, त्याला गर्भपाताचा कायदा पूर्ण रद्द करता येत नसेल, तर त्याचं नुकसान कमी करणाऱ्या प्रस्तावाला तो मत देऊ शकतो. स्टूपॅक यांच्या मताला याहून चांगला आधार मिळणं कठीण. पण काओंच्या बाजूनेही जुना नियम उभा आहे. टॉमस अक्वायनसच्या परंपरेत 'वाईट करू नको' ही आज्ञा सदासर्वकाळ बांधते, 'चांगलं कर' ही आज्ञा परिस्थिती पाहून. लाखोंना विमा मिळवून देणं हे चांगलं काम आज नाही तर उद्या दुसऱ्या रस्त्याने करता येईल. पण वाईटाला हातभार लावायची सवलत कधीच नाही.

मग वाद तत्त्वाचा होता का? इथे थोडं थांबून पाहावं लागतं. स्टूपॅकनी असं म्हटलं नाही की लाखो लोकांच्या विम्यासाठी थोडे गर्भपात चालतील. काओंनी असं म्हटलं नाही की गरिबाचं आजारपण ही त्याची खासगी बाब आहे. दोघांचा वाद वेगळ्याच गोष्टीवर होता. वेगळं खातं काढल्याने पैसा खरोखर वेगळा होतो का? हाइड कलम खर्चाच्या वार्षिक विधेयकाला जोडलेलं असतं; मग नव्या कायद्याने सामुदायिक आरोग्यकेंद्रांना परस्पर दिलेल्या अब्जावधी डॉलरना ते लागू होतं का? बिशपांचे वकील म्हणत, नाही. सिस्टर कीहान म्हणत, पुरेसा बंदोबस्त आहे. स्टूपॅकनी त्या रविवारी दुपारी ओबामांकडून कार्यकारी आदेशाचं आश्वासन घेतलं, की हाइडचं तत्त्व नव्या कायद्यालाही लागू राहील. २४ मार्चला आदेश क्रमांक १३५३५ वर सही झाली. विरोधकांचं म्हणणं, अध्यक्षाचा आदेश कायद्यावर मात करू शकत नाही आणि पुढचा अध्यक्ष तो एका सहीने रद्द करू शकतो. हे म्हणणंही खोटं नव्हतं.

म्हणजे दोन श्रद्धावानांचा वाद पापपुण्याचा नव्हता. हिशेबाच्या वह्यांचा आणि विनियोजनाच्या कायद्याचा होता. अक्वायनसने सदसद्विवेकबुद्धीचं जे वर्णन केलं, ते इथे कामाला येतं. त्याच्या मते ती आतून उमटणारी गूढ हाक नाही. आपल्याला जे ज्ञान आहे ते समोरच्या कृतीला लावून पाहणं, म्हणजे सदसद्विवेकबुद्धी. ज्ञान अपुरं, तर निवाडाही अपुरा. ज्या लोकप्रतिनिधीला खर्चाचं कलम कसं चालतं हे समजत नाही, त्याची सदसद्विवेकबुद्धी कितीही निर्मळ असली तरी त्या रात्री ती त्याच्या उपयोगाची नव्हती. 'माझ्या अंतरात्म्याला पटत नाही' असं म्हणून अभ्यास टाळता येत नाही, आणि 'माझा हेतू चांगला होता' असं म्हणूनही नाही.

त्या रात्रीचा सर्वांत विचित्र क्षण मुख्य मतदानानंतर आला. विधेयकाच्या जोडीला आलेल्या दुसऱ्या विधेयकावर रिपब्लिकनांनी ते समितीकडे परत पाठवण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्यात चक्क स्टूपॅक यांची स्वतःची दुरुस्ती घातली. आता स्वतःच्या शब्दांविरुद्ध मत द्यायचं की सगळी इमारत पाडायची? स्टूपॅक उठले आणि प्रस्तावाच्या विरोधात बोलले. हा प्रस्ताव जीव वाचवण्यासाठी नाही, विमा अडवण्यासाठी आहे, असा त्यांचा मुद्दा होता. समोरून आरोळी आली : बालहत्यारा! ओरडणारे टेक्ससचे रँडी न्यूगेबाउअर होते. आपण माणसाला नव्हे, कराराला उद्देशून बोललो, असा खुलासा त्यांनी नंतर केला. प्रस्ताव १९९ विरुद्ध २३२ मतांनी पडला. ज्या संघटनेने त्याच आठवड्यात स्टूपॅकना जीवरक्षक म्हणून गौरवायचं ठरवलं होतं, तिने सन्मान काढून घेतला. ९ एप्रिलला त्यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं.

स्टूपॅक यांच्यासोबत राहिलेल्या ओहायोच्या स्टीव्ह ड्रीहाउस यांच्या बाबतीत तर हा प्रश्न थेट न्यायालयात गेला. तेही कॅथलिक, तेही गर्भपातविरोधी. सुझन बी. अँथनी लिस्ट या संघटनेने त्यांच्या मतदारसंघात फलक लावायचं ठरवलं, की ड्रीहाउस यांनी करदात्यांच्या पैशाने होणाऱ्या गर्भपाताला मत दिलं. निवडणूक प्रचारात खोटी विधानं करू नयेत असा ओहायोचा कायदा होता. ड्रीहाउस यांनी त्याखाली तक्रार केली. ते निवडणूक हरले, पण खटला चालत राहिला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं, की संघटनेला या कायद्याला आव्हान देण्याचा अधिकार आहे. २०१६ मध्ये खालच्या अपील न्यायालयाने कायदाच घटनाबाह्य ठरवला. ड्रीहाउस यांनी गर्भपाताला मत दिलं हे विधान खरं की खोटं, हे मात्र या दोन निकालांनी सांगितलं नाही.

आणि ते सांगणं सोपंही नाही. इंग्लंडच्या एलिझाबेथ अँस्कम यांनी १९५७ च्या 'इन्टेन्शन' या छोट्या पुस्तकात नेमका हाच प्रश्न मांडला आहे. एक माणूस घराच्या टाकीत पंपाने पाणी चढवतो आहे. पाण्यात कोणीतरी विष कालवलेलं आहे. हा माणूस हात हलवतो आहे, पाणी भरतो आहे, आतल्या लोकांना मारतो आहे. एकाच कृतीची ही सगळी खरी वर्णनं. यातलं त्याने हेतुपूर्वक केलेलं कोणतं? 'मी फक्त माझं काम करत होतो' हे उत्तर चालेल का? अँस्कम स्वतः कट्टर कॅथलिक. हेतू म्हणजे मनातल्या मनात उच्चारलेला एखादा संकल्प, तो हवा तिकडे वळवावा आणि मोकळं व्हावं, ही कल्पना त्यांनी धुडकावली. १९५६ मध्ये ऑक्सफर्डने हॅरी ट्रूमन यांना मानद पदवी द्यायचं ठरवलं तेव्हा त्यांनी उघड विरोध केला. अणुबाँबच्या निर्णयामागचा हेतू युद्ध संपवण्याचा होता, हे समर्थन त्यांना मान्य नव्हतं. निरपराधांना मारणं हे साधन म्हणून निवडलं, तर ते हेतूतच आलं.

गंमत अशी, की अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये काँग्रेसपुढे मांडणारे अध्यक्षही ट्रूमनच. तो मंजूर झाला नाही. वीस वर्षांनी लिंडन जॉन्सन यांनी वृद्धांच्या मेडिकेअर विम्याच्या कायद्यावर सही मुद्दाम त्यांच्या गावी जाऊन केली आणि पहिलं कार्ड त्यांच्याच हाती दिलं. दोन निर्णय, माणूस एकच.

मराठी वाचकाला हा पेच परका वाटू नये. टिळकांनी 'गीतारहस्य'चं दुसरं प्रकरण 'कर्मजिज्ञासा' अशाच गाठींना वाहिलं आहे. एक धर्म पाळताना दुसरा मोडतो, तेव्हा काय करावं? कर्णपर्वात गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याचा वध करण्याची प्रतिज्ञा अर्जुनाने केलेली असते, आणि तसं म्हणतो तो युधिष्ठिरच. अर्जुन तलवार उपसतो. तेव्हा कृष्ण त्याला कौशिकाची गोष्ट सांगतो. सत्यव्रती कौशिकाने लपलेल्या माणसांचा पत्ता चोरांना खरा सांगितला. माणसं मेली आणि व्रत पाळूनही तो नरकात गेला. मग कृष्ण तोडगा काढतो : थोरल्याला अरेतुरे करून अपमान कर, तोच त्याचा वध. प्रतिज्ञाही राहिली, भाऊही वाचला. हा शहाणपणा की पळवाट? आदेश क्रमांक १३५३५ बद्दल अमेरिकेत नेमकं हेच विचारलं गेलं. कौशिकाची गोष्ट काओंना अडचणीत आणते, कारण त्यांचं व्रत पाळण्याची किंमत न्यू ऑर्लीन्सच्या विमा नसलेल्या लोकांनी मोजायची होती. अर्जुनाचा तोडगा स्टूपॅकना अडचणीत आणतो, कारण तोडगा काढताच मूळ प्रश्न मिटला असं समजण्याचा मोह होतो.

मतदाराचं काय? ३ नोव्हेंबर १७७४ ला ब्रिस्टलच्या मतदारांपुढे एडमंड बर्क यांनी सांगितलं, की प्रतिनिधी तुम्हाला आपली बुद्धी देणं लागतो, नुसती मेहनत नाही. सहा वर्षांनी ब्रिस्टलची जागा त्यांना सोडावी लागली. काओंची दोन्ही मतं बर्कच्या कसोटीला उतरतात : पहिल्या वेळी पक्षाविरुद्ध, दुसऱ्या वेळी मतदारसंघाच्या कलाविरुद्ध, कारण दोन्ही वेळा एकच. नोव्हेंबर २०१० मध्ये डेमोक्रॅट सेड्रिक रिचमंड यांनी त्यांचा मोठ्या फरकाने पराभव केला.

भारतात अशी चिकित्सा करायला सामग्रीच फारशी उरत नाही. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्याचा पाया महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये नेमलेल्या समितीने घातला. त्या कायद्यातल्या मोठ्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठीची मुदत २० वरून २४ आठवड्यांवर नेली. ती लोकसभेने १७ मार्च २०२० ला आणि राज्यसभेने १६ मार्च २०२१ ला आवाजी मतदानाने मंजूर केली. कोणी 'हो' म्हटलं, कोणी 'नाही', याची नावानिशी नोंद नाही. मतविभागणी झालीच, तर पक्षादेश असतो. १९८५ च्या दहाव्या परिशिष्टानंतर तो मोडणाऱ्याची सभासदकी जाऊ शकते. काओ भारतात असते तर पक्षादेशाविरुद्धच्या त्यांच्या नोव्हेंबरच्या मताची चर्चा सभापतींपुढच्या अपात्रतेच्या सुनावणीत झाली असती. आपला खासदार आरोग्याच्या प्रश्नावर कसा वागला हे भारतीय मतदार त्याच्या भाषणांवरून ओळखतो, नोंदीवरून नाही. ज्यांची नोंद होते त्यांचं मत चुकीचं वाचलं जाण्याचा धोका असतो. ज्यांची होत नाही त्यांना उत्तर द्यायची वेळच येत नाही.

पुढच्या वर्षांनी दोघांचेही अंदाज तपासले. २०१२ मध्ये ओबामा सरकारने मालकांच्या विमायोजनांना गर्भनिरोधकांचा खर्च उचलायला लावला, तेव्हा हा आपल्याशी झालेल्या कराराचा भंग आहे असं स्टूपॅक यांनी जाहीरपणे सांगितलं. २०१४ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने तपासलेल्या १८ विमा कंपन्यांपैकी बहुतेकांनी गर्भपाताच्या भागाचा हप्ता ग्राहकाच्या बिलात वेगळा दाखवलाच नव्हता. वेगळ्या खात्यावर ज्यांचा विश्वास नव्हता, त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. दुसरीकडे, सरकारी पाहणीनुसार २०१० मध्ये विमा नसलेले अमेरिकी ४ कोटी ८६ लाख होते, ते २०१५ मध्ये २ कोटी ८६ लाखांवर आले. ज्यांनी 'नाही' म्हटलं त्यांच्या मताने हे दोन कोटी लोक विम्याबाहेर राहिले असते, हेही त्याच हिशेबात धरावं लागतं. सहभागाची चौकट 'हो' म्हणणाऱ्यासाठी बारकाईने आखली गेली. 'नाही' म्हणणाऱ्याच्या पदरात काय पडतं, ते तितक्या काटेकोरपणे मोजलं गेलेलं नाही.

खुद्द लुइझियानात या कायद्याखाली गरिबांचा विमा वाढवायला २०१६ उजाडलं. नवे गव्हर्नर जॉन बेल एडवर्ड्स यांनी पदावर येताच त्यासाठीच्या आदेशावर सही केली आणि पहिल्याच वर्षात चार लाखांहून अधिक लोक त्यात आले. काओंचा जुना मतदारसंघही त्यात होता. एडवर्ड्स डेमोक्रॅट आणि कॅथलिक. २०१९ मध्ये गर्भाच्या हृदयाचे ठोके लागल्यानंतर गर्भपाताला बंदी घालणाऱ्या विधेयकावरही त्यांनीच सही केली, आणि त्यासाठी त्यांच्याच पक्षातून त्यांच्यावर टीका झाली.